बाई काय म्हणाल्या

तिसरी फुली मारून मी लाल पेन खाली ठेवलं, तेवढ्यात ताईने त्या फुलीवर बोट ठेवलं. बोटाला लसणाचं साल चिकटलेलं होतं. "यात काय चुकलंय गं?" तिने विचारलं. रविवारची दुपार होती, भरतीचं पाणी गल्लीतून आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलेलं, आणि मी जेवायच्या टेबलावर तिसरीच्या उत्तरपत्रिका पसरून बसले होते. प्रश्न अगदी साधा. पाच शब्द दिलेत, ते शब्दकोशात येतात त्या क्रमाने लावा. जोमेल आब्रेनिकाने लावले होते: आसो, बाका, कामाय, दागा, एरोप्लानो. कुत्रा, गाय, हात, उंदीर, विमान. "ताई, तू आपला लसूण सोल," मी म्हणाले. "सोलतेय की. पण बा नंतर का, का नंतर दा, दा नंतर ए. पोराने सरळ लावलंय आणि तू आपली फुल्या मारत सुटलीस." अगं, आता तसं नसतं, आता ए बी सी डी असतं, दा आधी येतो आणि का पार मागे जातो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आम्ही दोघी शाळेत गेलो तेव्हा आमच्या भाषेची अक्षरं वीसच होती. आ, बा, का, दा. बाई फळ्यावर छडी आपटायच्या आणि पन्नास पोरं एका सुरात ओरडायची. ती वीस अक्षरं शाळेतून गेली त्यालाही आता पस्तीस वर्षं होत आली. मी नोकरीला लागले तेव्हापासून अठ्ठावीस अक्षरंच शिकवतेय. आठ वर्षांचं पोर हजार चुका करील, मेलं उलटा आकडा काढील, गाईला सहा पाय देईल, पण ही चूक त्याच्या हातून होणार नाही. ही चूक करायला माणूस चाळिशीच्या पुढचा लागतो. मी कागद उचलून पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "काय झालं?" ताईने विचारलं. "काही नाही," मी म्हणाले, आणि जोमेलचा कागद सगळ्यांच्या खाली सरकवून दिला.

खरं तर त्या पोराला मी कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यालाच काय, वर्ष संपत येईपर्यंत वर्गातल्या छत्तीस जणांपैकी कुणालाच नाही. ऑक्टोबरात शाळा उघडली ती नुसती कागदावर. सोमवारी मी शाळेच्या फाटकाशी टेबल मांडून बसायचे, तोंडाला मास्क, मास्कवर प्लॅस्टिकची ढाल, आणि आयाबाप एकेक करून येऊन आपापल्या मुलाचं पाकीट घेऊन जायचे. पाकिटात आठवड्याच्या पुस्तिका. शुक्रवारी तेच पाकीट उत्तरं घालून परत. आलेली पाकिटं लगेच उघडायची नाहीत, सातवीच्या रिकाम्या वर्गात कुलूप लावून ठेवायची. माणसांना विलगीकरण तसं कागदांनाही. त्यामुळे शुक्रवारी कुणी काय लिहिलं ते मला सोमवार उजाडल्याशिवाय कळायचं नाही, आणि वर्ष संपत आल्यावर कागद साठले तेव्हा मी तीन दिवसांचे दोन केले आणि ढीग घरी आणू लागले. पण गंमत अशी की न पाहताही मी त्यांना ओळखायला लागले होते. एक मुलगी खोडरबराने कागदाला भोकं पाडायची. एकाच्या पाकिटाला नेहमी सुक्या मासळीचा वास. एक जण प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर्य काढायचा, एवढासा, कोपऱ्यात. जोमेलचं अक्षर मोठं, दाबून लिहिलेलं, इतकं की कागद उलटा करून बोट फिरवलं तर पाठीमागून वाचता यावं. आणि त्याची उत्तरं. देवाशपथ, त्या उत्तरांसाठी मी त्याचं पाकीट शेवटी उघडायचे, सगळ्यात शेवटी, ताटात गोडाचं राखून ठेवावं तसं.

एकदा प्रश्न होता, तुम्ही घरात कोणती मदत करता. बाकीच्यांची उत्तरं तीच: केर काढतो, भांडी घासतो, धाकट्या भावाला सांभाळतो. जोमेलने लिहिलं होतं, 'मी कोंबड्याला गप्प बसवतो. तो पहाटे तीन वाजता आरवतो. मी त्याला सांगतो की अजून सकाळ झालेली नाही. त्याला वाटतं मला कळत नाही.' रिकाम्या वर्गात, छत्तीस रिकाम्या बाकांसमोर, मास्क हनुवटीवर ओढून मी कॉफी पीत होते. ती कॉफी हातातल्या हातात हिंदकळली आणि त्याच्या कागदावर सांडली, इतकी हसले मी. कितीतरी महिन्यांनी माझं हसणं मी त्या वर्गात ऐकलं. मग घाईने कागद रुमालाने टिपला, पाचपैकी पाच दिले, आणि त्याच्या नावाच्या फाइलीत लावून टाकला. तपासलेले कागद घरी पाठवायचे नाहीत, फाइलीत ठेवायचे, असा नियम होता. घरी जायचे ते फक्त गुण, तीन महिन्यांनी एकदा, तक्त्यावर. ज्याच्यावर हसले ते पोर कोणी चाळिशी उलटलेला बाप्या आहे की काय, असं रविवारी मला वाटलं आणि मी स्वतःवरच चिडले. सत्तावीस वर्षं मुलं शिकवली आणि शेवटी एका बाप्याने लिहिलेल्या कोंबड्यावर जीव टाकला. मला फसवल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते याचं, की मग तो मुलगा नाहीच. माझा एक आवडता मुलगा होता, तो नाहीच.

आणि नेमके ते दिवसच तसे होते. दोन आठवड्यांपूर्वी ताबोराबाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना एकेक तक्ता दिला होता. डावीकडे मुलांची नावं, उजवीकडे एकच रकाना: मूल प्रत्यक्ष पाहिलं, हो किंवा नाही. दुसरीत एका आईने वर्षभर पोराचे पेपर लिहिले आणि एकदा सवयीने खाली स्वतःचीच सही ठोकली, तेव्हापासून बाईंनी कंबर कसली होती. "पर्ला, तुझी माया मला माहितीये," त्या मला म्हणाल्या, "पण 'नाही' असेल तिथे 'नाही'च लिही. ज्याने वर्षभर काही केलं नाही त्याला वर ढकलून आपण त्याचं भलं करत नाही. 'नाही' आलं की नाव काढायचं, पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याला." ताबोराबाई वाईट नाहीत. त्यांचं बोलणंही चुकीचं नव्हतं. तक्ता येत्या शुक्रवारी द्यायचा होता. पस्तीस नावांपुढे मी 'हो' लिहू शकणार होते. कुणाला फाटकाशी बोलावून, कुणाच्या दारात उभी राहून, एकेकाला मी पाहून घेत होते. सूर्य काढणारा मुलगा तोतरा निघाला. भोकं पाडणारी एवढीशी, पाच वर्षांची वाटावी अशी. प्रत्येक वेळी वाटायचं, अरे, हा होय तू. जोमेलचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

त्याचं पाकीट न्यायला त्याचे आजोबा यायचे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, ढाल डोक्यावर चढवलेली, उन्हाळी टोपीसारखी. आयुष्यभर मासळीच्या खारवणाच्या कारखान्यात पिंपं ढवळलेला माणूस. हात इतके काळवंडलेले आणि तडकलेले की ते पाकिटावर सही करत तेव्हा मी नजर वळवायचे. पाकीट घेतल्यावर ते लगेच निघायचे नाहीत. पाठीमागे लोक खोळंबलेले असले तरी एक प्रश्न विचारायचेच. "बाई, पोराला काही निरोप?" आणि मी यादीवरून मान वर न करता म्हणायचे, "काही नाही, आजोबा. शुक्रवारी वेळेवर आणा म्हणजे झालं." ते मान हलवायचे आणि पाण्यातून चुबूक चुबूक करत निघून जायचे. चाळीस आठवडे हेच. आता मागे वळून बघते तर वाटतं, माणूस सारखं दार ठोठावत होता आणि मी आतून म्हणत होते, घरी कुणी नाही.

'काही नाही' हे माझं जुनंच. ताई तिसरीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. दोघींचं होणार नव्हतं, आणि कोळंबी सोलायला तिचे हात मोठे होते. मी त्या वर्षी पहिलीत गेले. संध्याकाळी मी घरी आले की ताई कोळंबीची टोपली बाजूला सारून हात धुवायची, दोनदा धुवायची, वास जावा म्हणून, आणि माझ्यासमोर मांडी ठोकून बसायची. "आज बाई काय म्हणाल्या?" मला खेळायला जायचं असायचं. गल्लीत पोरं हाका मारत असायची. "काही नाही," मी म्हणायचे. "असं कसं काही नाही? दिवसभर बाई गप्प बसल्या?" "हो, गप्प बसल्या." ती हसायची, माझं दप्तर उघडून वही काढायची आणि मी लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचायची, मी चुकलेलं मनातल्या मनात सुधारत. पुढे माझे निबंध तिनेच लिहिले, माझ्या अक्षरात, आणि इतके माझ्या अक्षरात की एकदा मलाच कळेना यातलं माझं कुठलं. चौथीपर्यंत. चौथीत मी लांबलचक भागाकार घेऊन आले तेव्हा तिने वही बराच वेळ हातात धरली आणि मिटून माझ्याकडे दिली. "हे तुझं तूच," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने विचारायचं सोडलं. मी शिक्षिका झाले. ताई आज अठ्ठावन्नची आहे, माझ्याकडे राहते, मला डबा देते, आणि माझ्या डोक्यावरून वाकून उत्तरपत्रिका वाचायची तिची खोड काही जात नाही.

सोमवारी आजोबा आले तेव्हा मी पाकीट हातात धरून ठेवलं. "आजोबा, मला जोमेलला भेटायचंय." त्यांचा हात पुढे आलेला तसाच राहिला. "आत्ता नाही भेटायचा तो, बाई. झोपलाय." सकाळचे दहा वाजले होते. "मग उद्या येते." "उद्या," ते म्हणाले, आणि बोटांवर कसलासा हिशेब केल्यासारखं केलं. "उद्या मंगळवार. मंगळवारी चारला या. चारला असतो तो." पाकीट त्यांनी काखेत धरलं आणि त्या सोमवारी पहिल्यांदाच निरोप न विचारता गेले. घरी येऊन मी ताईला सगळं सांगून टाकलं, फुल्यांपासून. मला वाटलं ती म्हातारबाची बाजू घेईल. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "त्याला तिसरीचं येतंय म्हणजे तिसरीपर्यंत गेला असेल बिचारा." "ताई, तो लबाडी करतोय." "मी पण केली," ताई म्हणाली. "तुझे निबंध कुणी लिहिले? म्हणून तर तुला कुणी शाळेतून काढलं नाही." आणि उठून भांडी घासायला गेली.

आब्रेनिकांचं घर म्हणजे खारवणाच्या बंद कारखान्याच्या भिंतीला टेकलेली माडीवरची एक खोली. खालचं सगळं पाण्यात, म्हणून जिना अर्ध्यातूनच सुरू होतो. तो आंबट खारा वास मला लहानपणापासून ओळखीचा, तरी जिन्यावर छातीत भरून आला. मी आत गेले आणि सवयीने खोली नजरेखालून घातली. किती चपला, किती ताटल्या. एक ताटली. खिळ्याला एक सदरा, मोठ्या माणसाचा. खिडकीत डब्यात एक दात घासायचा ब्रश. टेबल मात्र एखाद्या परीक्षेला मांडावं तसं मांडलेलं: या आठवड्याची पुस्तिका उघडून, तिच्यावर चाकूने टोक केलेल्या दोन पेन्सिली, आणि काचेच्या रिकाम्या पेल्यात उभा ठेवलेला जुना फोन. आजोबांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसले. माझ्या मनात आलं, पोर गेलं की काय. गेल्या वर्षी कितीजण गेले, कुणाचा पत्ता कुणाला नव्हता. "जोमेल कुठे आहे, आजोबा?" मी विचारलं. "सामार बेटावर," ते म्हणाले. आणि मला इतकं हायसं वाटलं की त्यापाठोपाठ राग आला, आणि मी तो आवरला नाही.

"म्हणजे वर्षभर मला फसवलंत." "हो." "दर शुक्रवारी माझ्या तोंडावर पाकीट देऊन." "हो, बाई." नुसतं हो म्हणणाऱ्या माणसावर किती रागावणार. मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्याने, पेन्सिली सरळ करत. टाळेबंदीच्या आधी सून पोराला घेऊन माहेरी गेली होती, तिच्या आईच्या दुखण्यासाठी, पंधरा दिवसांसाठी. मग बोटी थांबल्या. मग बोटी सुरू झाल्या तर मुलांना घेईनात. जोमेलचा बाप दूर देशी जहाजावर. आज येईल, उद्या येईल, म्हणून आजोबांनी इथल्या शाळेत नाव घातलं. "तिकडच्या शाळेत घालायचं होतंत," मी म्हणाले. आजोबांनी मान हलवली. "सून पण हेच म्हणते. पण बाई, तिकडे नाव घातलं की तो तिकडचा झाला. इथलं नाव आहे तोवर तो गावाला गेलेला आहे. नाव निघालं की मग तो कुठेच गेलेला नाही, तिथेच राहतो." ते थांबले. "मला दुसरं कोण आहे?" मी पर्समधून तक्ता काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, सावकाश, रकान्यावर बोट ठेवून. "म्हणजे इथे तुम्ही 'नाही' लिहिणार." "पाहिलं नाही तर काय लिहू, आजोबा?" "बरोबर आहे," ते म्हणाले.

"पण उत्तरं त्याचीच आहेत," तक्ता माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. "हे सांगून ठेवतो. मंगळवारी, गुरुवारी चारला तो टेकडीवर चढतो, चर्चच्या पायऱ्यांवर, तिथे फोन लागतो. मी प्रश्न वाचतो, तो सांगतो, मी लिहितो. कधी मध्येच फोन तुटतो, तेव्हा एखादं माझं असेल. अक्षर मी मुद्दाम पोरासारखं काढलं नाही, बाई. माझं तेवढंच आहे. तिसरीपर्यंत गेलो मी." मग त्यांनी मान खाली घातली. "म्हणून सांगतो, लिहायचं तर 'नाही' लिहा. यंदा कसंबसं ओढलं. मला जिथवर येतं तिथवर आणलं त्याला. पुढे चौथी. चौथी मी बघितलेलीच नाही." मला ताईने मिटून दिलेली वही आठवली, तिचं करड्या रंगाचं कव्हर, त्यावर ताईच्या अंगठ्याचा ओला ठसा. चाळीसहून जास्त वर्षं झाली त्याला. मी ढाल काढून मांडीवर ठेवली, नियम गेला खड्ड्यात, आणि पदर नसलेल्या बाईने डोळे पुसावेत तसे मनगटाने पुसले.

चारला दोन मिनिटं होती तेव्हा फोन वाजला. पेल्यामुळे आवाज घुमत होता. "आजोबा, आलो वर. आज वारा फार आहे, मोठ्याने वाचा." दम लागलेला, किनरा आवाज. वर्षभर ज्याची मी फक्त पेन्सिल ओळखत होते, आणि ती पेन्सिलही त्याची नव्हती. "आज मी नाही वाचत," आजोबा म्हणाले. "आज बाई आल्यात." पलीकडे वारा, आणि कुठेतरी एक कोंबडा, दुपारी चारला. "कुठल्या बाई?" "कुठल्या म्हणजे? तुझ्या." "खऱ्या?" पोराने विचारलं. आजोबांनी पेला माझ्याकडे सरकवला.

मी जे येतं ते केलं, पुस्तिका उचलली आणि धडा वाचला. एका मुलीच्या हातून मडकं फुटतं आणि ती मांजरावर ढकलते. "तिने खरं सांगायला हवं होतं का, जोमेल?" "हवं होतं. पण मांजराला मार बसला का ते धड्यात दिलं नाही. नसेल बसला तर मग मांजराचं काय गेलं?" माझं तोंड मास्कच्या आत रुंदावलं. तोच होता. अक्षर नव्हतं त्याचं, बाकी सगळं त्याचं. मग मी त्याला ते पाच शब्द लावायला सांगितले आणि त्याने ते आजोबांनी शिकवलेल्या जुन्या क्रमाने घडाघडा लावले, आसो, बाका, कामाय. मी त्याला अक्षरांची नवी ओळ म्हणून दाखवली, दोनदा, आणि तो माझ्यामागून म्हणाला, आणि खाटेवरून आजोबाही, ओठातल्या ओठात. "म्हणजे आमचं चुकीचं होतं," ते म्हणाले. "चुकीचं नाही, जुनं." "जुनं म्हणा. फुली मारलीतच ना?" "मारली. तीन मारल्या. खोडून टाकते." "नको, राहू दे," आजोबा म्हणाले. "त्याला नवंच येऊ दे."

तक्ता समोरच होता. जोमेलच्या नावापुढे मी 'हो' लिहिलं नाही, ते खोटं झालं असतं. 'नाही' लिहिलं नाही, तेही खोटंच होतं. मी लिहिलं, 'ऐकलं', आणि खाली पूर्ण सही केली. ताबोराबाई कपाळाला हात लावणार, मला ऑफिसात बोलावणार, रकान्यात दोनच शब्द चालतात म्हणून सुनावणार, हे मला दिसत होतं. सुनावू देत. सत्तावीस वर्षांत मी एकही रकाना वाकडा भरलेला नाही, हा एक त्यांना गिळावा लागेल, आणि नाही गिळला तर मी पुढच्या मंगळवारी चारपर्यंत त्यांच्या खुर्चीसमोर बसून राहीन आणि हाच फोन त्यांच्या टेबलावर पेल्यात ठेवीन. आजोबांनी तो शब्द वाचला, पुन्हा बोट ठेवून. "आणि चौथी?" त्यांनी हळूच विचारलं. "मंगळवार, गुरुवार, चार वाजता," मी म्हणाले. "मी येते. तुम्ही लिहायचं, मी वाचीन. तुमचीही होऊन जाईल चौथी." काळवंडलेल्या बोटांनी त्यांनी पेन्सिलीचं टोक चाचपून पाहिलं.

"बाई," फोनमधून आवाज आला, "मग या आठवड्याचं काय म्हणालात?" मला कळेना. "म्हणजे रे?" "ते आजोबा सांगतात ना, मंगळवारी आल्या आल्या. बाई काय म्हणाल्या ते." आजोबा उठले आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. पोर सांगत सुटलं, एका दमात. गुणाकारात घाई करतो म्हणालात, आधी पाण्याचा घोट घे, मग कर. मी घेतो, बाटली घेऊनच वर येतो. नाताळच्या आधी म्हणालात, इतकी उत्तरं येतात पण जोमेलचं पाकीट मी शेवटी उघडते. पावसाचा निबंध वर्गात वाचून दाखवलात. "आणि ते कोंबड्याचं वाचून तुम्ही हसलात. एकट्याच. आजोबा म्हणाले, फाटकापर्यंत ऐकू आलं." खिडकीशी उभ्या म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते. चाळीस आठवडे ते माझ्या टेबलासमोर उभे राहून निरोप मागत होते आणि मी रिकाम्या हाताने पाठवत होते, आणि जिना चढून येईपर्यंत त्यांनी काहीतरी रचलेलं असायचं, माझ्या नावाने, पोराला टेकडी चढून आल्याचं सार्थक वाटावं म्हणून. यांतलं एकही वाक्य मी त्यांना दिलेलं नव्हतं. पाकीट शेवटी उघडते हे तर मी ताईलाही सांगितलं नव्हतं. जुन्या सवयीने जिभेच्या टोकावर आलं, काही नाही रे. ते मी गिळलं.

"हसले," मी म्हणाले. "खूप हसले. इतकी की हातातली कॉफी सांडली. तुझ्या कागदावर डाग पडलाय, एवढा मोठा. फाइलीत आहे अजून." आजोबा गर्रकन वळले. "खरंच?" हे पोराने नाही, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग पोर म्हणालं, जरा तक्रारीच्या सुरात, "आजोबांनी कॉफीचं नाही सांगितलं." "त्यांना माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आता ऐक, या आठवड्याचं सांगते." आजोबा खिडकीकडून आले, त्यांनी खाट टेबलाजवळ ओढली, आणि दोन पेन्सिलींतली जास्त टोकदार ती उचलून, वहीचं कोरं पान काढून, माझ्याकडे बघत बसले.